आठ पुड्यांचे रसग्रहण

मी मराठी शिकवते. त्यामुळे कोणत्याही गोष्टीविषयी दोन पाने लिहायला मला फारसा वेळ लागत नाही. ती गोष्ट मला कळलेली असलीच पाहिजे, असा काही नियम नाही. वर्षभरापूर्वी हे वाक्य मी लिहिले नसते. आज ते लिहिण्याचे धाडस मला आले ते चहाच्या आठ पुड्यांमुळे आणि माझ्या सासूबाईंमुळे. त्याचीच ही हकिकत.

चहा ही आमच्या घरात नवलाईची वस्तू नव्हे. सकाळी उठल्यावर एक कप, कॉलेजला निघताना अर्धा, परत आल्यावर एक, आणि कोणी आले-गेले तर त्यांच्या निमित्ताने आणखी एक, असा आमचा हिशेब. पण एवढा चहा पोटात जाऊनही ‘आज चहा कसा झालाय?’ असे आमच्याकडे कोणी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही. हा प्रश्न आमटीच्या वाट्याला येतो, भरल्या वांग्याच्या वाट्याला येतो. चहाला विचारायचे ते एवढेच, की ‘झाला का?’ आपण चहा चवीसाठी पितच नाही की काय, असे मला पुष्कळदा वाटते. ‘या एकदा चहाला’ याचा अर्थ ‘थोडे बोलायचे आहे’ असा असतो. ‘चहापाण्याचे बघा’ याचा अर्थ कचेरीत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. आणि चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात तर चहा सोडून बाकी सगळ्याचीच पारख होते.

आपला इतिहासही याला साक्ष आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली आणि तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे नावे छापली गेली, गावात ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. त्या एका चहावर पुण्यात जेवढी शाई सांडली तेवढा चहासुद्धा त्या दिवशी सांडला नसेल. पण तो चहा चवीला कसा होता, हे कोणी लिहून ठेवल्याचे निदान माझ्या वाचनात तरी आलेले नाही!

तर अशा या चहा पिणाऱ्या, पण चहा न चाखणाऱ्या घरात एके दिवशी कोलकात्याहून एक पार्सल आले.

पाठवणारा माझा जुना विद्यार्थी. दहा-अकरा वर्षांपूर्वी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला माझ्या मराठीच्या तासाला तो बसत असे; शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीशी. पुढे तो कोलकात्याला चहाच्या दलालांच्या एका पेढीत लागला आणि आता तिथे चहा चाखण्याचे काम करतो, हे मला उडत उडत कळले होते. कोलकात्यात चहाचे लिलाव 1861 सालापासून होत आले आहेत. लिलावापूर्वी प्रत्येक मालाचा नमुना कोणीतरी चाखून पाहावा लागतो. त्या ‘कोणीतरी’ मंडळींपैकी हा एक. दिवसाकाठी शेकडो कप तोंडात घ्यायचे, घोळवायचे, थुंकून टाकायचे आणि दर ठरवायचा. पोटापाण्यासाठी माणसे काय काय करतात!

पार्सलात कागदी पुड्या होत्या आठ. त्यांवर नाव नाही, गाव नाही. नुसते एक ते आठ आकडे. सोबत चिठ्ठी होती. ‘मॅडम, नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. आमच्याकडे नव्या माणसाला असेच बसवतात. आधी चव, मग नाव. तुम्ही आम्हांला रसग्रहण शिकवलेत. आता या आठांचे करून पाठवा. प्रत्येकी दोन ओळी पुरेत. शेवटी नववा कप घरच्या नेहमीच्या चहाचा घ्या. आणि कृपा करून नेटवर शोधू नका.’

चिठ्ठी वाचून मला गंमत वाटली आणि त्याचबरोबर पोटात किंचित हललेही. याच मुलाचा रसग्रहणाचा एक पेपर मी तपासला होता. पंधरा गुणांचा प्रश्न होता. बहुतेक मुलांनी मार्गदर्शकातली उत्तरे उतरवली होती: ‘प्रसादपूर्ण भाषा’, ‘समर्पक प्रतिमा’, ‘कवीची तरल संवेदनशीलता’. त्यांना मी नऊ-दहा गुण दिले. या मुलाने पाचच ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा मथितार्थ असा, की ही कविता मी चार वेळा वाचली, मला ती फारशी लागली नाही. मात्र दुसऱ्या कडव्यात ओल्या गोणपाटाचा वास आहे, तो अगदी खरा आहे, कारण आमचे किराणा मालाचे दुकान आहे. मी त्याला पंधरापैकी चार गुण दिले आणि लाल शाईने लिहिले, ‘विस्तार हवा’.

असो. रविवार सकाळचा मुहूर्त ठरला.

चहा चाखण्याचे शास्त्र आहे, आणि ते फार सोपे आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 1980 साली त्याची रीतच घालून दिली: शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, वर उकळते पाणी, झाकण, आणि बरोबर सहा मिनिटे. भांडे पांढऱ्या चिनी मातीचे, म्हणजे रंग खरा दिसतो. साखर नाही. चहा गाळला की ओली पत्ती झाकणावर काढून ठेवायची आणि तिचाही वास घ्यायचा. मुलीने एका सुट्टीत केक करण्याच्या उत्साहात आणलेला छोटा वजनकाटा मी फडताळातून काढला, पांढरे कप मांडले, वही उघडली.

सासूबाई देवपूजा आटोपून स्वयंपाकघरात आल्या. त्यांना अठ्ठ्याहत्तरावे वर्ष आहे. माहेर राजापूरच्या बाजूचे, शिक्षण सातवीपर्यंत. घरातला चहा गेली कित्येक वर्षे त्याच करतात; ते खाते त्यांनी कोणाकडे सोपवलेले नाही. पहिल्या कपातले ते फिक्कट पिवळे पाणी पाहून त्यांनी विचारले,

“दूध नासलं का गं?”

“नाही आई. हा असाच प्यायचा असतो. तुम्हीपण बसा. चव सांगायची.”

“मला काय कळतंय त्यातलं? तू शिकलेली,” असे म्हणत त्या बसल्या. मी त्यांना सांगितले, की घोट घेताना मोठ्याने भुरका मारायचा. चहाबरोबर हवा आत ओढली गेली, की वास घशातून मागच्या मागे नाकात चढतो. जिभेला कळणाऱ्या चवी मोजक्याच. चहाचे बाकीचे सारे वैभव नाकाला कळते. लहानपणी बशीतल्या चहाचा भुरका मारला म्हणून मी आईची टपली खाल्लेली आहे, त्यामुळे माझ्या तोंडून तो आवाज काही केल्या निघेना. सासूबाईंचा पहिलाच भुरका मात्र असा काही निघाला, की कोलकात्याच्या पेढीत त्यांना कोणी बढतीच दिली असती!

पहिल्या पुडीतल्या पत्तीत हिरवट, तपकिरी आणि चंदेरी अशी सरमिसळ होती. मी घोट घेतला. काय लिहावे? मी लिहिले, ‘तरल, संयत, उल्हसित करणारा.’ गुण आठ. सासूबाई म्हणाल्या, “ओले वाटाणे सोलल्यावर टरफलांचा वास येतो ना, तसा. आणि मागून कसलंसं फूल. जीभ थोडी ओढतो.”

त्या बोलल्या ते मी गंमत म्हणून वहीच्या उजव्या पानावर टिपून घेतले. डावे पान माझे.

दुसऱ्याचा रंग तांबूस, दाट. इथे मी जरा लबाडी केली. चिठ्ठीत मनाई असूनही आदल्या रात्री मी नेटवर थोडे वाचले होते. उंची चहाला मस्कत जातीच्या द्राक्षांचा गंध असतो, हे वाक्य मनात घोळत होते. दुसरा चहा मला भारदस्त वाटला. भारदस्त म्हणजे उंची, उंची म्हणजे द्राक्षे. ‘पक्व द्राक्षांचा मंद दरवळ,’ मी लिहिले. तेरा गुण. सासूबाईंनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. “हा आपला. नाचणीला मोड आणून, वाळवून, सत्त्वासाठी भाजायला घेतली की पहिला वास सुटतो, तो हा. याला दूध घाल. दूध मागतोय तो.”

तिसरी पत्ती हिरवी होती. तिच्यासाठी पाणी जरा निवू द्यायला त्याने लिहिले होते. मी ते विसरले आणि चहा कडू झाला. ‘प्रखर व्यक्तिमत्त्व,’ असे लिहून मी माझी चूक चहाच्या नावावर खपवली. सासूबाई म्हणाल्या, “माठाची भाजी शिजवलेलं पाणी. पण तू चटका जास्त दिलास.”

चौथा स्वच्छ, सोनेरी-तांबडा. ‘प्रसन्न’ हा शब्द मी इथे वापरला; पुढे दोनदा आणखी वापरला. सासूबाई म्हणाल्या, “हा पाहुण्यांसाठी. याला कोणी नको म्हणणार नाही. पण घरच्या माणसांना रोज दिलात तर म्हणतील, जरा कडक कर.”

पाचव्या पुडीने तर उघडल्याबरोबर घर दणाणून सोडले. असा धुराचा वास, की मी शेगडीकडे वळून पाहिले. मी लिहिले, ‘अपरिचित व उग्र. काहीतरी बिघडले असावे.’ सासूबाईंनी कप दोन्ही हातांत धरला, घोट घेतला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्या न्हाणीघरात चुलीवर पाण्याचा हंडा असायचा. पावसाळ्यात लाकडं ओली. आई फुंकर घालून घालून पेटवायची. तिच्या लुगड्याला हा वास असायचा.” आणि मग, “राहू दे हा. मी पिते सगळा.”

सासूबाईंच्या आईविषयी इतक्या वर्षांत मी ऐकलेले हे पहिलेच काही होते. मीही कधी विचारलेले नव्हते.

सहाव्याला मी ‘समतोल’ म्हटले. सासूबाई म्हणाल्या, “रात्री मनुका भिजत घालून सकाळी त्याचं पाणी प्यायला देतात, तसा.” सातव्यातली पत्ती मिऱ्यांसारखी घट्ट वळलेली होती, गरम पाण्यात ती उमलत गेली आणि शेवटी देठासकट दोन-तीन पाने अख्खी बाहेर आली. मी त्या दृश्यावरच तीन ओळी लिहिल्या. चवीविषयी एक शब्द नाही. सासूबाईंनी एक पान बोटांनी बशीवर उलगडले, त्याची तांबूस कड मला दाखवली आणि म्हणाल्या, “हा अर्धा कच्चा, अर्धा पिकला.” आठवा पहिल्यासारखाच दिसत होता, पण जरा गडद. मला तो ‘पहिल्याहून परिपक्व’ वाटला आणि मी त्याला अकरा गुण दिले. सासूबाईंनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “हा जुना. डब्यात राहिलेला. धणे दळून वर्ष झालं की कसे नुसते रंगाचे उरतात, तसा.”

आता राहिला नववा, घरचा. तो करायला सासूबाई उठल्या. आधण, आले, साखर, पूड, उकळी, दूध, पुन्हा उकळी. आमची पूड म्हणजे सगळ्या मध्यमवर्गीय घरांत असते ती रवाळ. पाने वळून, सुकवून पत्ती करण्याऐवजी ती दातेरी रुळांखाली चुरडून, फाडून, गोळीदार करण्याचे यंत्र 1930 च्या सुमारास आसामात निघाले. अशी पूड पाण्यात पडताच रंग सोडते, दूध-साखरेला पुरून उरते आणि थोडक्यात पुष्कळ कप करते. आपला ‘फक्कड’ चहा त्या यंत्राचे देणे आहे. इतक्यात यजमान फिरून आले. ट्रेमध्ये तीन कप होते. मी वहीतच डोके घालून हाताला लागला तो कप उचलला, आणि सकाळपासून लागलेल्या नव्या सवयीने तोंडातला घोट जरा घोळवला.

कडक, गोडमिट्टक, आणि आल्याने घसा जळला.

“आई, आज आलं आणि साखर फारच झालीय.”

“अगं, तो त्याचा कप आहे. तुझा हा इकडचा.”

“म्हणजे? वेगळा असतो?”

“तुझा मी पहिल्या उकळीला काढून घेते. साखर अर्धी.”

“कधीपासून?”

सासूबाई पातेले विसळत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितले, “तू आलीस त्या वर्षापासून. तू रोज तळाशी घोटभर चहा ठेवायचीस. बोलायची नाहीस. मग मी एकेक करून बघितलं. आलं कमी केलं, तरी ठेवायचीस. साखर कमी केली, मग संपवायला लागलीस.”

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. दिवसाला दोन कप धरले तरी हिशेब कुठल्या कुठे जातो. एवढे कप मी वर्तमानपत्रावरून, पेपर तपासताना, मुलीची वेणी घालताना, फोनवर बोलताना रिकामे केले. ‘आमच्याकडे काय, आईंच्या हातचा उकळलेला चहा!’ असे मैत्रिणींत हसून सांगितलेही. माझ्या कपाच्या तळाशी उरलेला घोट कोणीतरी वाचला होता, त्याचा अर्थ लावला होता, आणि त्यावर एक अक्षरही न बोलता उत्तर दिले होते. आणि ते उत्तर मला एकोणीस वर्षांत पोचले नव्हते. मी काही बोलले नाही. काय बोलणार? शब्द हा माझा व्यवसाय आहे, पण त्या वेळी जवळ एकही नव्हता.

त्या रात्री मी वहीची दोन्ही पाने, डावे आणि उजवे, आहेत तशी विद्यार्थ्याला पाठवून दिली. डावे पान पुन्हा नीट लिहून काढण्याचा मोह झाला, तो आवरला.

दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले. पहिला, दार्जिलिंगचा वसंतातला पहिला तोडा. दुसरा आसामचा, जुन्या पद्धतीने पाने वळून केलेला. तिसरा कांगड्याचा हिरवा. हिमाचलातल्या त्या खोऱ्यात 4 एप्रिल 1905 च्या भूकंपाने चहाचे मळे उद्ध्वस्त झाले होते, त्यातून सावरलेला. चौथा निलगिरीचा, हिवाळ्यातला. पाचवा चीनच्या फूजियान प्रांतातला लॅपसांग सूशाँग. तो पाइनच्या लाकडांच्या धुरावर सुकवतात, त्यामुळे काहीही बिघडलेले नव्हते. सातवा तैवानचा ऊलाँग. पाने खुडल्यावर हवेत ठेवली, की कापलेल्या सफरचंदासारखी ती काळवंडू लागतात. हे पुरते होऊ दिले की काळा चहा, होऊच दिले नाही की हिरवा, आणि मधेच थांबवले की ऊलाँग. झाड एकच. ‘आजीबाईंचे “अर्धा कच्चा, अर्धा पिकला” मी इथे भिंतीवर लावणार आहे,’ असे त्याने लिहिले होते.

आणि सहावा? सहावा दार्जिलिंगचाच, पण उन्हाळ्यातला दुसरा तोडा. द्राक्षांचा गंध म्हणतात तो या चहाचा. मी तो दुसऱ्याला, म्हणजे नाचणी-सत्त्वाच्या वासाच्या आसामला बहाल केला होता, आणि खऱ्या द्राक्षांपाशी ‘समतोल’ म्हणून पुढे गेले होते. मनुका काय, द्राक्षेच ती! हा गंध येतो कसा, तेही त्याने कळवले. त्या दिवसांत बारीक हिरवे तुडतुडे कोवळ्या पानांना डसतात. झाड स्वतःच्या बचावासाठी काही गंधद्रव्ये तयार करते, तीच पुढे चहात उतरतात. हे वाचून दाखवले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे किडीनं खाल्लेली पानं महाग? बरं आहे बाई!”

आठव्यावरचा शेरा मी दोनदा वाचला. आठवा म्हणजे पहिलाच. तोच मळा, तोच तोडा. फक्त मागच्या वर्षीचा. हा चहा नाजूक असतो, ताजेपणा फार दिवस टिकत नाही. शिळ्या चहाला मी ताज्यापेक्षा तीन गुण जास्त दिले होते.

खाली त्याने चहाच्या प्रतवारीची अक्षरेही गमतीने लिहिली होती. उंची दार्जिलिंगच्या पेटीवर ‘एफ.टी.जी.एफ.ओ.पी.’ अशी लांबलचक पदवी असते आणि तिच्यातल्या ‘ऑरेंज’चा संत्र्याशी काडीचाही संबंध नसतो. बाजारातली थट्टेखोर मंडळी या अक्षरांचा अर्थ ‘सामान्यांसाठी फारच उत्तम’ असा लावतात. ‘पेटीवरची अक्षरे चाखायची नसतात, मॅडम, हे शिकायलाच आम्हांला काही वर्षे लागतात,’ हे त्याचे शेवटचे वाक्य. त्यात टोमणा नव्हता. मला तो लागला, हा भाग निराळा.

मी त्याला फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हटले, “तुला मी एकदा रसग्रहणात कमी गुण दिले होते. ते चुकलं माझं.”

पलीकडे तो हसला. “पंधरापैकी चार, मॅडम. विस्तार हवा.”

त्याला शेरासुद्धा पाठ होता. मी एका मिनिटात लाल शाईने लिहिलेले दोन शब्द त्याने दहा वर्षे जवळ बाळगले होते. मी म्हटले, “विस्तार नको होता. वास पुरे होता.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमच्या दुकानातला होता तो. आता दुकान नाही. वडील गेले, विकलं आम्ही. कधीकधी इथे चहाच्या पोत्यांच्या गोदामात गेलो, की येतो.”

या सत्रात मी रसग्रहणाच्या प्रश्नाखाली एक ओळ वाढवली आहे: ‘या कवितेतली तुम्हांला स्वतःला खरी वाटलेली एक गोष्ट आधी लिहा.’ उत्तरे आखूड येतात. काही अगदीच वेडगळ असतात. एका मुलीने लिहिले, की मला काहीही खरे वाटले नाही, क्षमस्व. तिच्या वहीपाशी मी बराच वेळ थांबले. पूर्वी अशी एक वही तपासायला मला एक मिनिट लागायचे. आता दहा लागतात. सहकाऱ्यांना वाटते, माझी दृष्टी मंद झाली आहे.

चहाच्या आठ पुड्यांपैकी सहा पाहुण्यांनी संपवल्या. आठवा कोणी पीत नाही. पाचवा मी वेगळ्या डबीत घालून सासूबाईंच्या देवघराशेजारच्या फडताळात ठेवला आहे. पावसाची झड लागली, की त्या दुपारी एकट्याच त्याचा एक कप करून घेतात. अशा वेळी मी आता त्यांच्याशेजारी जाऊन बसते आणि न्हाणीघराबद्दल, त्यांच्या आईबद्दल विचारते. त्या सांगतात. मी वही नेत नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारची गोष्ट सांगायची राहिलीच. सकाळी मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि माझा कप, माझाच असल्याची खात्री करून, दोन्ही हातांत घेतला. एक घोट घेतला. जरा घोळवला. आल्याच्या मागून काहीतरी अगदी हलके, गोडसर, थंड असे नाकाशी आले.

“आई,” मी म्हटले, “आज वेलदोडा घातलात?”

सासूबाईंनी गाळणी धुऊन खुंटीला अडकवली.

“रोजच असतो,” त्या म्हणाल्या.